चेंबरलेन, रसेल, जॉर्डन की लेब्रॉन? बास्केटबॉलमधील थोरवीची मोजपट्टी

ब्रॅडमन श्रेष्ठ की तेंडुलकर, हा वाद मराठी घरांत ज्या हिरिरीने घातला जातो, त्याच हिरिरीने अमेरिकेत गेली अनेक दशके एक प्रश्न चर्चिला जात आहे : बास्केटबॉलचा सर्वकालीन सर्वश्रेष्ठ खेळाडू कोण? विल्ट चेंबरलेन, बिल रसेल, करीम अब्दुल-जब्बार, मायकेल जॉर्डन आणि लेब्रॉन जेम्स ही नावे या वादात हमखास येतात. प्रत्येकाच्या बाजूने भरभक्कम आकडेवारी आहे आणि प्रत्येकाच्या विरोधातही आहे. अडचण आकड्यांच्या अभावाची नाही. ते आकडे ज्या खेळात जमले तो खेळच दर दहा-पंधरा वर्षांनी बदलत गेला, ही खरी अडचण आहे. म्हणूनच खेळाडूंची तुलना करण्याआधी ज्या पट्टीने ती करायची, ती पट्टी तपासून पाहणे आवश्यक ठरते.

बदलते नियम, बदलता खेळ

आज एनबीए या नावाने ओळखली जाणारी व्यावसायिक संघटना १९४६ मध्ये स्थापन झाली आणि १९४९ मध्ये तिला सध्याचे नाव मिळाले. तिचा पहिला मोठा तारा होता जॉर्ज मायकन. सहा फूट दहा इंच उंचीचा हा खेळाडू बास्केटजवळ उभा राहिला की त्याला अडवणे प्रतिस्पर्ध्यांना जवळपास अशक्य होई. त्याच्या मिनियापोलिस लेकर्स संघाने १९४९ ते १९५४ या सहा वर्षांत पाच विजेतेपदे पटकावली. त्याचा प्रभाव आटोक्यात आणण्यासाठी १९५१ मध्ये बास्केटसमोरचा आखीव पट्टा सहा फुटांवरून १२ फुटांपर्यंत रुंद करण्यात आला. या पट्ट्यात आक्रमक खेळाडूला तीन सेकंदांपेक्षा अधिक काळ उभे राहता येत नाही. पुढे चेंबरलेनच्या काळात, १९६४ मध्ये, तो १६ फूट झाला. एका खेळाडूमुळे मैदानाची आखणी बदलावी लागणे, हा थोरवीचा एक पुरावाच होय. तो मात्र कोणत्याही धावफलकावर उमटत नाही.

त्या काळी आघाडी घेतलेला संघ चेंडू हाती ठेवून वेळ काढत असे. २२ नोव्हेंबर १९५० रोजी फोर्ट वेन पिस्टन्सने मायकनच्या लेकर्सवर अवघ्या १९-१८ अशा गुणसंख्येने विजय मिळवला, तो याच डावपेचामुळे. यावर सिरॅक्यूज संघाचे मालक डॅनी बियासोन यांनी तोडगा सुचवला. रंगतदार सामन्यात दोन्ही संघ मिळून सुमारे १२० वेळा बास्केटच्या दिशेने चेंडू फेकतात, असे त्यांचे निरीक्षण होते. सामन्याच्या २८८० सेकंदांना १२० ने भागले की येतात २४ सेकंद. तेवढ्या वेळात चेंडू फेकलाच पाहिजे, हा नियम १९५४-५५ च्या मोसमापासून लागू झाला आणि संघांची सरासरी गुणसंख्या एकाच वर्षात ७९.५ वरून ९३.१ वर गेली. मायकनचे आकडे या नियमाआधीचे, तर चेंबरलेनचे त्यानंतरचे. दोघांना एकाच तक्त्यात शेजारी बसवताना ही सीमारेषा विसरून चालत नाही.

यानंतरही बदल थांबले नाहीत. १९७९-८० मध्ये तीन गुणांची रेषा आली. २००१ मध्ये विशिष्ट खेळाडूऐवजी विशिष्ट जागेचे रक्षण करण्याची, म्हणजे झोन पद्धतीच्या बचावाची मुभा मिळाली. २००४ मध्ये चेंडू घेऊन पुढे सरकणाऱ्या खेळाडूला हाताने अडवण्यावरील बंधने अधिक कडक झाली. खेळाचे नाव तेच राहिले. त्यात काय सोपे आणि काय अवघड, हे मात्र प्रत्येक वेळी नव्याने ठरले.

शंभर गुणांचा हिशेब

२ मार्च १९६२ रोजी पेनसिल्व्हेनियातील हर्षी या गावी चेंबरलेनने न्यूयॉर्क निक्सविरुद्ध एकाच सामन्यात १०० गुण नोंदवले. सामना पाहायला चार हजारांवर थोडे प्रेक्षक होते. सामन्याचे दूरचित्रवाणीवर प्रक्षेपण झाले नाही. अखेरच्या सत्राचे आकाशवाणीवरील समालोचन तेवढे उरले आहे. त्या संपूर्ण मोसमात त्याची सरासरी होती सामन्यामागे ५०.४ गुण आणि २५.७ रिबाउंड. सामना ४८ मिनिटांचा असूनही तो सरासरी ४८.५ मिनिटे मैदानावर होता, कारण जादा वेळेतही त्याने विश्रांती घेतली नाही.

या आकड्यांवरचा नेहमीचा आक्षेप असा, की तेव्हाचा खेळ फार वेगवान होता. आक्षेपात तथ्य आहे. १९६१-६२ मध्ये प्रत्येक संघ सामन्यात सुमारे १०८ वेळा चेंडू फेकत असे आणि त्यांपैकी सुमारे ४३ टक्के प्रयत्न यशस्वी होत. २०२३-२४ मध्ये हे प्रमाण सुमारे ८९ प्रयत्न आणि ४७ टक्के असे होते. म्हणजे पूर्वी प्रत्येक संघाच्या ६० हून अधिक फेकी हुकत, आता ४७ च्या आसपास हुकतात. हुकलेला चेंडू ताब्यात घेणे म्हणजेच रिबाउंड. हुकलेल्या फेकी अधिक, तर रिबाउंडही अधिक, हे उघड आहे.

तेव्हा काळाचा फरक वजा करून पाहिल्यास काय दिसते? त्या वर्षी संघांची सरासरी गुणसंख्या ११८.८ होती, चेंबरलेनची वैयक्तिक सरासरी तिच्या सुमारे ४२ टक्के भरते. जॉर्डनची सर्वोत्तम सरासरी १९८६-८७ मधील ३७.१; त्या वर्षीच्या १०९.९ या सांघिक सरासरीच्या ती सुमारे ३४ टक्के आहे. कोबी ब्रायंटने २००५-०६ मध्ये ३५.४ ची सरासरी राखली, तेव्हा सांघिक सरासरी ९७ होती. हे प्रमाण ३६ टक्क्यांच्या वर जाते. जेम्स हार्डनची २०१८-१९ मधील सरासरी ३६.१, पण सांघिक सरासरी १११.२ असल्याने प्रमाण साडेबत्तीस टक्के. केवळ सरासरी पाहिली तर क्रम लागतो चेंबरलेन, जॉर्डन, हार्डन, ब्रायंट. काळाशी ताडून पाहिले की ब्रायंट दुसऱ्या क्रमांकावर येतो आणि हार्डन चौथ्या.

आता तिसरी कसोटी : मैदानावर घालवलेला वेळ. ४८ मिनिटांमागे चेंबरलेनचे गुण होतात सुमारे ५०, हार्डनचे ४७, जॉर्डनचे साडेचव्वेचाळीस आणि ब्रायंटचे ४१. क्रम पुन्हा बदलला. चार खेळाडू, तीन कसोट्या आणि तीन वेगळे क्रम. आकडे खोटे नाहीत. प्रत्येक कसोटी वेगळ्या प्रश्नाचे उत्तर देते, एवढाच याचा अर्थ. पहिला क्रमांक मात्र तिन्ही वेळा चेंबरलेनचाच राहतो, ही बाब ‘त्या काळात गुण मिळवणे सोपे होते’ असे म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावी अशी आहे.

आकड्यांत न मावणारा रसेल

याच १९६१-६२ च्या मोसमात सिनसिनाटीच्या ऑस्कर रॉबर्टसनने ३०.८ गुण, १२.५ रिबाउंड आणि ११.४ असिस्ट अशी सरासरी राखली. तिन्ही प्रकारांत संपूर्ण मोसमभर दोन आकडी सरासरी राखण्याचा हा पराक्रम पुन्हा घडायला २०१६-१७ साल उजाडावे लागले. तेव्हा तो रसेल वेस्टब्रुकने केला. लेकर्सच्या एल्जिन बेलरला लष्करी सेवेमुळे त्या वर्षी अवघे ४८ सामने खेळता आले, त्यांत त्याची सरासरी होती ३८.३. एवढे विक्रम एकाच वर्षी झाले असताना मोसमातील सर्वोत्तम खेळाडूचा किताब मिळाला तो यांपैकी कोणालाच नव्हे, तर बोस्टन सेल्टिक्सच्या बिल रसेलला.

हा किताब त्या काळी खेळाडूंच्या मतदानाने दिला जाई. पत्रकारांकडे ते काम १९८०-८१ मध्ये गेले. म्हणजे ज्यांनी चेंबरलेनचे गुण आणि रॉबर्टसनची चतुरस्रता प्रत्यक्ष मैदानावर झेलली, त्यांनीच रसेलला श्रेष्ठ ठरवले. रसेलची कारकिर्दीतील गुणांची सरासरी आहे केवळ १५.१. त्याचे सामर्थ्य बचावात होते. प्रतिस्पर्ध्याची फेक हवेतच अडवायची, पण चेंडू प्रेक्षकांत न भिरकावता सहकाऱ्याकडे वळवायचा, ही त्याची खासियत. दुर्दैव असे, की अशा अडवणुकींची, म्हणजे ब्लॉक्सची अधिकृत नोंद एनबीएमध्ये सुरू झाली १९७३-७४ मध्ये. रसेल निवृत्त झाला १९६९ मध्ये. ज्या कौशल्यात तो अद्वितीय होता, त्याचा रकानाच कोरा आहे.

त्याच्या नावावर १३ मोसमांत ११ विजेतेपदे आहेत. निर्णायक सातव्या सामन्यात तो दहा वेळा उतरला आणि दहाही वेळा जिंकला. १९६२ च्या अंतिम फेरीतील सातव्या सामन्यात त्याने ३० गुण आणि ४० रिबाउंड नोंदवले. विरोधकांचा युक्तिवाद असा, की त्याच्या पदार्पणाच्या वेळी एनबीएमध्ये फक्त आठ संघ होते आणि विजेतेपदासाठी अनेकदा दोनच फेऱ्या जिंकाव्या लागत. हे खरेच आहे. परंतु संघ आठच असल्याने गुणवत्ताही तेवढ्याच संघांत एकवटलेली होती आणि चेंबरलेनसारख्या प्रतिस्पर्ध्याशी वर्षातून अनेकदा गाठ पडे, हेही तितकेच खरे.

शिवाय त्या पिढीला लढावे लागले ते केवळ मैदानावर नव्हे. १९६१ मध्ये केंटकीतील लेक्सिंग्टन येथे रसेल व त्याच्या कृष्णवर्णीय सहकाऱ्यांना उपाहारगृहात सेवा नाकारण्यात आली, तेव्हा प्रदर्शनीय सामना न खेळताच ते माघारी परतले. १९६६ मध्ये तो सेल्टिक्सचा प्रशिक्षक झाला. एनबीएमधील तो पहिला कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक. अखेरची दोन विजेतेपदे त्याने खेळाडू आणि प्रशिक्षक अशा दुहेरी भूमिकेत मिळवली. २०२२ मध्ये त्याचे निधन झाल्यावर त्याचा सहा हा क्रमांक एनबीएच्या सर्वच संघांतून निवृत्त करण्यात आला.

शिखर आणि पल्ला

जॉर्डन आणि लेब्रॉन यांची तुलना म्हणजे मुळात दोन प्रकारच्या थोरवींची तुलना आहे. जॉर्डन शिकागो बुल्सकडून सहा वेळा अंतिम फेरीत खेळला, सहाही वेळा जिंकला आणि सहाही वेळा अंतिम फेरीचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. गुणांच्या सरासरीत तो दहा मोसम अव्वल होता. १९८८ मध्ये मोसमाचा सर्वोत्तम खेळाडू आणि सर्वोत्तम बचावपटू हे दोन्ही किताब त्याला मिळाले. १९९३ मध्ये ऐन भरात त्याने निवृत्ती घेतली, १९९५ मध्ये तो परतला आणि पुढच्याच मोसमात बुल्सने ८२ पैकी ७२ सामने जिंकले.

लेब्रॉनने २००३ मध्ये, वयाच्या १८ व्या वर्षी, शालेय स्पर्धांतून थेट एनबीएमध्ये पाऊल ठेवले. २०२४-२५ हा त्याचा २२ वा मोसम होता. तीन वेगवेगळ्या संघांकडून त्याने चार विजेतेपदे मिळवली. दहा वेळा अंतिम फेरी गाठली, त्यांपैकी २०११ ते २०१८ अशी सलग आठ वेळा. २०१६ मध्ये ७३ सामने जिंकलेल्या गोल्डन स्टेटविरुद्ध १-३ अशा पिछाडीवरून क्लीव्हलँडने मिळवलेले विजेतेपद हा त्याच्या कारकिर्दीचा कळस मानला जातो. अंतिम फेरीत सहा वेळा पराभूत झाला, हा त्याच्यावरचा आक्षेप. मात्र अंतिम फेरीत हरणाऱ्यापेक्षा तिथवर न पोहोचणारा सरस, असे मानण्यास काही आधार नाही.

नियमांचा दाखला दोन्ही बाजूंनी देता येतो. जॉर्डनच्या काळात प्रतिस्पर्धी त्याला हाताने अडवू शकत, धसमुसळेपणालाही अधिक वाव होता. पण तेव्हा झोन बचावाला मनाई होती, त्यामुळे मोकळी जागा अधिक मिळे. लेब्रॉनला हातांचा अडथळा कमी झाला, पण समोर दाट बचाव आला. प्रत्येक पिढीचे समर्थक आपल्या नायकापुढचा अडथळा तेवढा सांगतात आणि त्याला मिळालेली सवलत सोयीस्करपणे विसरतात.

अब्दुल-जब्बारचे उदाहरण या संदर्भात उद्बोधक आहे. त्याने २० मोसमांत ३८,३८७ गुण केले. हा विक्रम लेब्रॉनने ७ फेब्रुवारी २०२३ रोजी मोडला आणि २ मार्च २०२४ रोजी ४० हजारांचा टप्पा ओलांडला. तथापि अब्दुल-जब्बारने महाविद्यालयीन शिक्षण पूर्ण करून वयाच्या २२ व्या वर्षी पदार्पण केले होते. तो महाविद्यालयात असताना, १९६७ मध्ये, बास्केटमध्ये वरून चेंडू कोंबण्यावर, म्हणजे डंकवर, महाविद्यालयीन बास्केटबॉलमध्ये बंदी आली. ती १९७६ पर्यंत टिकली. संपूर्ण एनबीए कारकिर्दीत त्याने तीन गुणांची यशस्वी फेक केली ती फक्त एकदा. लेब्रॉनला चार वर्षे आधी सुरुवात करता आली आणि तीन गुणांची रेषा पहिल्या दिवसापासून लाभली. यामुळे लेब्रॉनचा विक्रम खुजा ठरत नाही. अब्दुल-जब्बारचा किती उंच होता, हे मात्र कळते.

करी आणि तिसरा गुण

तीन गुणांच्या रेषेने घडवलेला सर्वात मोठा बदल म्हणजे स्टीफन करी. १९७९-८० मध्ये प्रत्येक संघ सामन्यामागे तीनपेक्षाही कमी वेळा या रेषेबाहेरून प्रयत्न करी. २०२३-२४ मध्ये हा आकडा ३५ वर गेला. आपल्या काळातील सर्वोत्तम नेमबाजांत गणल्या जाणाऱ्या लॅरी बर्डने साऱ्या कारकिर्दीत अशा ६४९ यशस्वी फेकी केल्या. करीने २०१५-१६ या एकाच मोसमात ४०२ केल्या आणि पुढच्या मोसमात ३२४. मार्च २०२५ मध्ये त्याने चार हजारांचा टप्पा गाठला. बर्डचा नेम कच्चा होता असे कोणी म्हणणार नाही. त्याच्या काळातील प्रशिक्षकांना एवढ्या दुरून फेकणे हा जुगार वाटे, इतकेच. मायकनमुळे नियम बदलले, तर करीमुळे नियम न बदलताच खेळ बदलला.

ज्यांची मोजदादच झाली नाही

सर्वश्रेष्ठांची यादी करताना खरा अन्याय होतो तो पाचव्या आणि सहाव्या क्रमांकाच्या खेळाडूंवर नव्हे, तर ज्यांना मैदानच मिळाले नाही त्यांच्यावर. एनबीएमध्ये कृष्णवर्णीय खेळाडूंना प्रवेश मिळाला १९५० मध्ये. त्याआधी, १९३९ मध्ये, न्यूयॉर्क रेनेसाँ या संपूर्ण कृष्णवर्णीय संघाने शिकागोतील जागतिक व्यावसायिक स्पर्धा जिंकली होती आणि पुढच्या वर्षी हार्लेम ग्लोबट्रॉटर्सने. या खेळाडूंचे विक्रम एनबीएच्या कोणत्याही तक्त्यात नाहीत.

ज्युलियस अर्व्हिंगची गोष्ट वेगळी. एबीए या प्रतिस्पर्धी संघटनेतून तो पुढे आला. १९७६ मध्ये तिचे चार संघ एनबीएमध्ये सामील झाले. दोन्हींकडचे मिळून त्याचे गुण ३० हजारांवर जातात, परंतु एनबीएच्या यादीत त्याच्या नावापुढे १८,३६४ हाच आकडा दिसतो. लिथुआनियाचा अर्व्हिदास साबोनिस १९८८ च्या सोल ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेला हरवून सुवर्णपदक जिंकणाऱ्या सोव्हिएत संघाचा आधारस्तंभ होता. पोर्टलंडने १९८६ मध्येच त्याची निवड केली होती. प्रत्यक्षात तो एनबीएमध्ये खेळला १९९५ मध्ये, दुखापतींनी शरीर थकल्यानंतर. महिलांची व्यावसायिक डब्ल्यूएनबीए स्पर्धा सुरू झाली १९९७ मध्ये. तेव्हा ३४ वर्षांच्या असलेल्या सिंथिया कूपरने ह्यूस्टन कॉमेट्सला पहिली चारही विजेतेपदे मिळवून दिली आणि चारही वेळा ती अंतिम फेरीची सर्वोत्तम खेळाडू ठरली. तिच्या उमेदीची वर्षे मात्र युरोपातील मैदानांवर गेली होती.

दृश्य स्मृतीचाही यात मोठा वाटा आहे. भारतातील शहरी घरांत एनबीए दिसू लागली ती नव्वदच्या दशकात, उपग्रह वाहिन्यांवरून. तो काळ जॉर्डनचा होता. ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबईत वरळी येथे सॅक्रॅमेंटो आणि इंडियाना या संघांत एनबीएचे भारतातील पहिले सामने झाले, तेव्हाच्या तरुण प्रेक्षकांचे नायक होते लेब्रॉन आणि करी. जे पाहिले ते श्रेष्ठ वाटते आणि जे केवळ वाचले ते धूसर होते. रसेलच्या पदरी आलेली उपेक्षा काही अंशी छायाचित्रणाच्या अभावातूनही आली आहे.

मोजपट्टी कोणती?

एनबीएने स्वतःही एकाच खेळाडूला सर्वश्रेष्ठ ठरवण्याचे टाळले आहे. १९९६ मध्ये, ५० वर्षे पूर्ण होताना, ५० महान खेळाडूंची यादी जाहीर झाली. २०२१ मध्ये ७५ वर्षांनिमित्त नवी यादी आली. मते समसमान पडल्याने तिच्यात ७६ नावे आहेत. लक्षणीय बाब अशी, की जुन्या ५० पैकी एकही नाव गळले नाही. मायकनही त्यात आहे आणि करीही.

काळाच्या भिंती ओलांडून तुलना करायचीच असेल, तर तीन प्रश्न स्वतंत्रपणे विचारणे सयुक्तिक ठरेल. खेळाडू आपल्या समकालीनांच्या किती पुढे होता? या कसोटीवर चेंबरलेनला तोड नाही. त्याच्यामुळे संघ किती जिंकला? येथे रसेल आणि त्याच्या पाठोपाठ जॉर्डन उभा राहतो. किती काळ तो शिखराजवळ टिकला? हा मान अब्दुल-जब्बार आणि लेब्रॉनचा. खेळाचे रूप कोणी पालटले, असा चौथा प्रश्न केल्यास मायकन आणि करी ही सत्तर वर्षांच्या अंतरावरची दोन नावे शेजारी येतात.

या प्रश्नांची सरमिसळ केली की वाद रंगतो, पण निष्कर्ष हाती लागत नाही. वाद घालणाऱ्याने आपली मोजपट्टी आधी सांगावी आणि त्या पट्टीवर कोणाची नोंदच नाही, हेही सांगावे, एवढीच अपेक्षा रास्त आहे. १९६२ साली खेळाडूंनी मतपत्रिकेवर रसेलचे नाव लिहिले, तेव्हा चेंबरलेनचे ५० गुण त्यांना ठाऊक नव्हते असे नाही. त्यांनी केवळ मोजपट्टी वेगळी निवडली होती.